तिसऱ्या सिलिंडरचा ठोका

गुणाजी मिस्त्रीनं खैराची काठी इंजिनाच्या अंगाला टेकवली, दुसरं टोक कानाला लावलं आणि डोळे मिटले.

"आता जो तोंड उघडेल," तो म्हणाला, "त्याच्या तोंडात हा चिंध्यांचा बोळा कोंबेन."

शीळफाट्यावर आमची पत्र्याची शेड. ठाण्याकडून, कल्याणकडून, पनवेलकडून येणारी प्रत्येक गाडी तिथं मंदावते, आणि एखादी बोनेट उघडून उभी राहिली की दुनियेतले सगळे रिकामटेकडे तिच्यात डोकं घालतात. त्या दिवशीपण जमलेले. शिमगा नुकताच झालेला, पुढं लग्नं लागायची होती, ड्रायव्हर लोकांना तेवढ्यापुरतं काम नव्हतं. गाडी कळव्याच्या काळुरामची. काळी, लढाईच्या आधीची, कुठल्यातरी साहेबानं विलायतेला परत जाताना विकून टाकलेली. अ‍ॅक्सिलेटर दाबला की तिच्या पोटात कुणीतरी आतून दार ठोठावत होतं.

कल्याण स्टँडचा पोपट सगळ्यांच्या पुढं. हा पोपट म्हणजे केसांना तेल आणि गाडीला पाणी, एवढंच ज्ञान असलेला ड्रायव्हर. पण गप्प बसेल तर शपथ.

"पेट्रोल हलकं असणार," तो म्हणाला. "घासलेट मिसळतात हल्ली."

गुणाजीनं डोळे उघडले नाहीत. "पोपट, पेट्रोलचा ठोका चढावर येतो. आणि तो किणकिण वाजतो, डब्यात खडे हलवल्यासारखा. ही उभ्या जागी ठोकतेय. हलकं पेट्रोल नाही, तुझं डोकं आहे."

"मग पिस्टन."

"पिस्टन सकाळी गारठ्यात कुरकुरतो आणि गरम झाला की गप्प बसतो. ही मुंब्र्यापासून तापत आलीय. आणखी काय? तुझ्या बापाचं नाव सांग बरं, ते तरी बरोबर येतं का बघू."

लोक हसले. मीपण हसलो. काळुराम तेवढा हसला नाही. तो मडगार्डवर हात ठेवून उभा होता, आजारी बैलाच्या पाठीवर ठेवतात तसा.

मग गुणाजीनं लाकडी मुठीचा स्क्रू-ड्रायव्हर घेतला. हे काम बघायला मला अजून आवडतं. स्क्रू-ड्रायव्हरचं पातं प्लगच्या टोकाला लावायचं आणि इंजिनाच्या लोखंडाला टेकवायचं. ठिणगी तिथंच मरते, तेवढा एक सिलिंडर काम सोडतो. ज्याचं काम बंद केल्यावर ठोका दबेल, तो चोर. पहिला दाबला, ठोका तसाच. दुसरा दाबला, तसाच. तिसरा दाबला आणि आतलं दार ठोठावणं थांबलं. सोडला, पुन्हा सुरू. गुणाजीनं पुन्हा दाबला, पुन्हा सोडला. मग चौथा न बघताच स्क्रू-ड्रायव्हर माझ्या हातात दिला.

"तिसऱ्याचं बेरिंग," मी म्हणालो. मला कळलं म्हणून मी बोललो. बोलल्यावर कळलं की बोलायला नको होतं.

कारण ती बेरिंगं दसऱ्याच्या सुमाराला गुणाजीनंच भरलेली.

तुम्हाला गुणाजी माहीत नसेल तर ही गोष्ट किती मोठी ते कळणार नाही, म्हणून सांगतो.

कोकणातला माणूस. लढाईच्या वेळी कल्याणच्या मिलिटरी कँपात वर्कशॉपला होता, तिथं शिकला. लढाई संपली, साहेब गेले, कँपात निर्वासित आले, आणि हा एक हातोडी, एक खैराची काठी आणि शिव्यांचा साठा घेऊन शीळफाट्यावर येऊन बसला. बायको गावी होती ती तिकडंच वारली. शेडच्या मागं खोली, खोलीत खाट, खाटेखाली व्हाइट मेटलच्या विटा. व्हाइट मेटल म्हणजे बेरिंगमध्ये वितळवून ओततात तो पांढरा धातू. तो ओतायचा, थंड करायचा, क्रँकच्या दांड्याला निळा रंग लावून बेरिंग फिरवायचं, जिथं रंग लागेल तिथं हातानं खरवडायचं, पुन्हा फिरवायचं. असं करत करत सगळीकडं सारखा रंग लागेपर्यंत. दुसरे मिस्त्री अर्धं खरवडून सोडून द्यायचे आणि बाकीचं गाडीच खरवडून घेईल म्हणायचे. गुणाजी अशांना मिस्त्री म्हणायचा नाही, न्हावी म्हणायचा.

त्याचं स्वतःचं कौतुक तो स्वतःच करायचा, दुसऱ्याला संधीच द्यायचा नाही. "ठाण्यापासून कर्जतपर्यंत बेरिंग भरणारा एकच," म्हणायचा, आणि छाती ठोकायचा नाही, ठोकायची गरजच नाही असं तोंड करायचा. गिऱ्हाइकाला शेठ म्हणाला नाही कधी. एक काँट्रॅक्टर आलेला, जीप घेऊन, हातात चार अंगठ्या. म्हणाला, विकायची आहे, तेवढ्यापुरता आवाज दबेल असं कायतरी जाड आईल घाल. गुणाजी त्याला म्हणाला, "तुझ्या तोंडात घालतो, तुझा आवाज दबेल, मग गाडी कुणीपण घेईल." काँट्रॅक्टर गेला तो फिरकला नाही. गेलं तर गेलं.

आणि चूक हा शब्द त्याच्या तोंडात बसायचाच नाही. एकदा म्हणाला आज पाऊस नाही, पत्रे काढू. पत्रे काढले आणि धो धो आला. सगळी शेड भिजली. मी बघत राहिलो हा आता काय म्हणतो. म्हणाला, "पाऊस चुकला."

असा माणूस. मला विचाराल तर घमेंडखोर, खवट, आणि चहात साखर कमी पडली तरी आईबापाचा उद्धार करणारा. पण हे मी म्हणेन. दुसरा कोण म्हणाला तर त्याचे दात मोजून हातात देईन.

कारण सांगतो. मी सहावीत शाळा सोडली. माझा बाप साताऱ्याकडचा, कल्याण यार्डात हमाल, राहायला डोंबिवलीला. मास्तर वर्गात म्हणाला, दौलत नाव ठेवलं पण पाठीवर पोतंच येणार. मी त्याची छडी घेतली आणि त्याच्यासमोर मोडली. मग काय, बापानं मला मोडला, आणि मी डोंबिवलीहून चालत निघालो तो मानपाड्यावरून शीळफाट्याला आलो. गुणाजीनं विचारलं नाही कुठला, कुणाचा. म्हणाला, "हात दाखव." बघितले. "हे हात छडी मोडायला ठीक आहेत. काम करायला शिकवावे लागतील." त्याला छडीचं कुणी सांगितलं मला माहीत नाही. त्यानं मला कधी शाबास म्हटलं नाही आणि कधी हाकललंपण नाही. ज्या वेळचं सांगतोय त्या वेळी मी बेरिंग खरवडायला लागलेलो, आणि तो माझं खरवडलेलं पुन्हा खरवडत नव्हता. ते मला पुरे होतं.

ड्रायव्हर लोक गाडी विकताना काय म्हणायचे माहीत आहे? टायर बघ म्हणायचे नाहीत, रंग बघ म्हणायचे नाहीत. म्हणायचे, गुणाजीनं भरलंय. झालं. एवढ्यावर सौदा.

आता कळलं असेल, तिसरा सिलिंडर गप्प झाला तेव्हा शेडसमोर सगळे का गप्प झाले. पोपटच पहिला बोलला, अर्थात.

"गुणाजीनं भरलंय," तो म्हणाला, आणि नाकातून हसला.

तेव्हा कल्याणात नवीन गॅरेज निघालेलं, फरशीचं, बोर्ड लावलेलं. निम्मा स्टँड तिकडं जायला एक पाय उचलून बसलेला. फक्त कारण पाहिजे होतं.

गुणाजीनं हात पुसले. सावकाश, एकेक बोट.

"माझं बेरिंग असं जात नाही," तो म्हणाला. "पाच-सहा महिन्यांत तर मरणार नाही, कुणी मारलं नाही तर. आत कुणीतरी कायतरी घातलंय. उद्या चेंबर खोलतो. चार वाजता या सगळे. काय घातलं ते दाखवतो, आणि कुणी घातलं तेपण नाव घेऊन सांगतो. तेवढं नाक आहे मला."

चेंबर म्हणजे इंजिनाच्या खालचं भांडं, ज्यात आईल असतं.

काळुरामनं पोपटाकडं बघितलं.

"माझ्याकडं काय बघतोस?" पोपट म्हणाला.

"वऱ्हाडाची गिऱ्हाइकं माजेकरं येतात, तुजेकरं नाय. म्हनून बघतंय."

आता काळुरामचं थोडं सांगायला पाहिजे. कळव्याचा आगरी. बाप मिठागरावर, घरचा मचवा होता, खाडीतून मीठ न्यायचा. बाप मेला तेव्हा काळुराम म्हणाला मचव्याचे दिवस गेले, आता रस्त्याचे दिवस आले. मचवा विकला आणि ही गाडी घेतली. त्याची आई आवडाबाई आठ दिवस जेवली नाही म्हणतात. मग एक दिवस उठली, हळदकुंकू घेऊन आली आणि गाडीला ओवाळलं, नवीन मचव्याला ओवाळतात तशी. त्या दिवसापासून ती गाडीला मचवाच म्हणायची. नारळी पुनवेला गाडीच्या नावाचा नारळ खाडीत सोडायची. लोक हसायचे. आम्हीपण हसायचो, आमचं काय.

काळुराम सकाळी कळव्याहून मासेवाल्या बायकांना टोपल्यांसकट कल्याणच्या बाजाराला आणायचा आणि दुपारी वऱ्हाडं, आजारी माणसं, कोण मिळेल ते. गाडीला असला वास की नवरदेवसुद्धा नाकाला रुमाल लावून बसायचा. आणि मांजरं. गाडी उभी राहिली की खाली मांजरं. शीळफाट्याची सगळी मांजरं काळुरामच्या गाडीची वाट बघायची. पोपट म्हणायचा, याच्या गाडीला क्लीनर नको, मांजरं आहेत. आणि काळुरामची एक बढाई असायची. "माजी गारी आईल खाय नाय," म्हणायचा. "कवापन बघा, भरलेला." खरंच भरलेलं असायचं. बाकीचे ड्रायव्हर जळायचे.

तर काळुरामनं डॅशबोर्डातून एकविरा आईच्या भंडाऱ्याची डबी काढली. चिमूटभर बोनेटला लावला, वर उजवा हात ठेवला.

"सगल्यांसमोर बोलतंय," तो म्हणाला. "आई एकविरेची आन. ज्यानं माजे गारीची ही गत केली, तो भाव असो नायतर सोयरा असो, त्याचे हातचा पानी मी मरंतोवर पिनार नाय."

शहरातल्या लोकांना ही शपथ म्हणजे तोंडाची वाफ वाटेल. पण काळुरामच्या चुलत्यानं खारजमिनीच्या बांधावरून सख्ख्या भावाविरुद्ध अशीच आन घेतलेली. भाऊ मेला तेव्हा तो दारापर्यंत गेला आणि बाहेर बसून रडला, पण त्या घरात पाणी प्याला नाही. कळव्यात हे पोरांनापण माहीत आहे. असली माणसं. डोकं कमी, शब्द पक्का. मला त्यांचा राग येतो आणि मी त्यांच्यासारखाच आहे, असं गुणाजी म्हणायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघंच. काळुराम ठाण्याला गेलेला, जवळ आलेल्या एका लग्नासाठी दुसऱ्याची गाडी मागायला. गुणाजी गाडीखाली घुसला, मी बाजूला. बोल्ट काढले. खाली घमेलं लावलं. आईल पडायला पाहिजे तसं पडेना. काळं, चिकट, डिंकासारखं, तार धरून उतरत होतं. मी म्हणालो, "मिस्त्री, हे काय रे?"

गुणाजीनं बोटावर घेतलं. वास घेतला. मग जिभेला लावलं, तो सगळीच आईलं जिभेला लावून बघायचा, घाणेरडी सवय. मग तो गाडीखालीच उताणा पडून राहिला. घमेल्याला मांजरं चिकटली, दोन-तीन, चाटायला लागली. मी एकीला पाना फेकून मारला.

"मारू नको," गुणाजी म्हणाला.

मी त्याच्याकडं बघितलं. हा माणूस मांजराला दया दाखवतो म्हणजे ताप असणार.

"कल्याणला जा," तो म्हणाला. "व्हाइट मेटल घेऊन ये."

"खाटेखाली आहे की."

"ते जुनं आहे."

"कालपर्यंत चांगलं होतं."

"तू जातोस का तुला घमेल्यात बुडवू?"

गेलो. डोकं तापलेलंच होतं. कल्याणात मेटलवाल्यानं उशीर केला, स्टँडवर पोपटाच्या टोळीनं विचारलं, काय रे, गुणाजीचा अंत्यविधी चार वाजता ना? मी त्यांना म्हणालो, या, तुमच्यापैकीच कुणाचा तरी होईल. परत आलो तर गुणाजी नाही. चेंबर धुवून, पुसून, आरशासारखं चकचकीत करून भिंतीला उभं केलेलं. घमेलं रिकामं. शेडमागं ताजी माती ओढलेली. तिसऱ्याचं बेरिंग एका फडक्यावर ठेवलेलं, मेटल सोलून निघालेलं, केळ्याच्या सालीसारखं.

तो आला एका लॉरीतून उतरून. लॉरी मुंब्र्याकडून आलेली. अंगात धुतलेला शर्ट. मी म्हणालो, "कुठं गेलेलास?"

"तुझ्या सासऱ्याकडं. पोरगी काळी आहे म्हणाला, चालेल का?"

"आणि घाण फेकलीस का? चार वाजता दाखवायची होती ना?"

तो बेरिंग उचलून बघत बसला.

चार वाजले. जत्रा जमली. ज्यांच्याकडं गाडी नाही, सायकल नाही, असले लोकपण आले. काळुराम मधे उभा. दाढी केलेली, कपाळाला भंडारा. पोपट आज मागच्या रांगेत, हातात किल्ली फिरवत, पण फिरवण्यात जोर नव्हता. मी चहा आणला. गुणाजीनं स्वतःच्या हातानं पहिला ग्लास काळुरामला दिला. असं तो कधी करत नाही.

मग तो उभा राहिला, हातात ते बेरिंग.

"कुणी काही घातलं नाही," तो म्हणाला. "माझं काम कच्चं होतं. मेटल ओतताना खालचं कथिल नीट धरलेलं नव्हतं. सुटलं. माझी चूक."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. तो शब्द त्याच्या तोंडून. सगळ्यांसमोर. पोपटासमोर.

"खोटं," मी म्हणालो. "मी बघितलंय. आत डिंकासारखं होतं. तू स्वतः जिभेला लावून बघितलंस, मिस्त्री."

"तुला आईल आणि डिंक कळायला आणखी एक जन्म लागेल," तो म्हणाला. आवाज चढवला नाही. "शाळेत कळलं नाही, इथं कळलं नाही. गप्प बस."

एवढे लोक. मी पाना खाली टाकला.

काळुराम हातातल्या ग्लासाकडं बघत होता. अजून तोंडाला लावलेला नव्हता. त्यानं तो वाकून जमिनीवर ठेवला, सांडू न देता, हळू.

"मिस्त्री," तो म्हणाला, "मना तुजा राग नाय. पन आन आईची हाय."

"माहीत आहे," गुणाजी म्हणाला. "नवीन भरून देतो. लग्नाच्या आधी गाडी तयार. पाणी घरून आण."

पोपटाला परत पोपटपण आलं. किल्ली जोरात फिरायला लागली. "गुणाजीनं भरलंय," तो म्हणाला, आणि बाकीच्या हरामखोरांनी हसायला सुरुवात केली, ज्यांच्या गाड्या याच माणसाच्या हातांवर इतकी वर्षं पळत होत्या. मी मधे घुसलो आणि पोपटाच्या तोंडावर दिली. दात नाही पडला, ओठ फुटला. मला चौघांनी धरलं. गुणाजी आला, मला मानेला धरून शेडमधे नेलं आणि म्हणाला, "तुला कुणी सांगितलेलं माझी बाजू घ्यायला?"

"तुला बाजू आहे कुठं आता?" मी म्हणालो. "घालवलीस. त्या फुटक्या लोकांसमोर. काय मिळालं?"

"भूक लागली," तो म्हणाला. "भाकरी आहे का बघ."

मी त्याला मनात दिल्या त्या शिव्या इथं लिहीत नाही.

पुढं जे व्हायचं तेच झालं. स्टँड नवीन गॅरेजला गेला, सगळा. तिथं न्हावीच होते, पण फरशी होती. वाक्य मात्र शिल्लक राहिलं. कुणाचा टायर फुटला तरी म्हणायचे, गुणाजीनं भरलंय. चेष्टेत. बेरिंगचं काम शेडवर यायचं बंद झालं. आम्ही स्प्रिंगा, ब्रेक, पंक्चर, बैलगाड्यांच्या चाकांच्या धावा, काय येईल ते करत राहिलो. गुणाजीची निळ्या रंगाची डबी वाळून दगड झाली. मला नवीन गॅरेजवाल्यानं दोनदा बोलावलं. मी त्याला सांगितलं, तुझ्या फरशीवर थुंकायला येईन, कामाला नाही. रागावलेलो मी गुणाजीवर, खूप. पण सोडून जायचं हे माझ्या डोक्यात आलं नाही. ज्याच्यावर राग आहे त्याला सोडून गेलं तर राग काढायचा कुणावर.

काळुराम मात्र यायचा. सगळे गेले, तो एकटा यायचा. त्याची गाडी गुणाजीनं दुसऱ्यांदा भरली ती परत कधी ठोकली नाही. फक्त आता ती बाकीच्यांसारखी आईल खायला लागली, तो कुरकुरायचा. उन्हातून आला तरी शेडमधल्या माठाकडं बघायचा नाही. गाडीत स्वतःची बाटली ठेवायचा. गुणाजी आणि तो समोरासमोर बसायचे, एक माठातलं पाणी प्यायचा, एक बाटलीतलं. बघून मला चीड यायची. दोन घोडे एवढे मोठे, आणि एक म्हणत नाही सोड ती शपथ, दुसरा म्हणत नाही सोडली.

आणखी एक गोष्ट. दर अवसेला मासेवाल्यांपैकी कुणीतरी एक पुडकं आणून द्यायची, पळसाच्या पानात बांधलेलं. सुके बोंबील, कधी सुकट, कधी वाकट्या. "मिस्त्रीला दे."

"कुणी दिलं?" मी विचारायचो.

"तुला खायाचं हाय का मोजायचं हाय?"

मला वाटायचं धंदा बसला म्हणून कुणीतरी भीक घालतंय. मी एकदा पुडकं मांजरांपुढं टाकणार होतो. गुणाजीनं माझा हात धरला. ज्या माणसाला चहात साखर कमी चालत नव्हती, तो ते बोंबील नुसते भाजून खायचा आणि एक शब्द बोलायचा नाही. काटासुद्धा नीट कागदावर ठेवायचा.

एका अवसेला पुडकं आलं नाही. त्याच आठवड्यात कळलं, आवडाबाई गेली.

गुणाजी बाराव्याला स्वतः गेला नाही. पाय सुजलेत म्हणाला. मला पाठवलं, नारळ आणि तांदूळ देऊन. मी कळव्याला गेलो, मांडवात बसलो, जेवलो. काळुराम माणसांत होता. निघताना हात धुवायला घरामागं गेलो तर तिथं त्याची बायको सगुणा भांडी घासत होती. कोपऱ्यात गंजलेले पत्र्याचे डबे रचलेले. मी सहज एकाला पाय लावला. झाकण उडालं आणि वास आला, तोच, गाडीचा.

"ते कंय आता उघरतंस," सगुणा म्हणाली. "मुशीचा तेल हाय तो. मचव्याचे बुडाला चोपरायचा."

मुशी म्हणजे खाडीतला मोठा मासा, त्याच्या काळजाचं तेल काढतात. लाकडाला लावलं की घट्ट होऊन बसतं, पाणी शिरत नाही.

"मचवा तर कधीच विकला," मी म्हणालो.

तिनं मांडवाकडं बघितलं. मग पाणी ओतायचं थांबवलं.

"आता बोलाया हरकत नाय," ती म्हणाली. "म्हातारी गेली. दर अवसेला मचवा वर ओरून तेल द्यायचे ना, तशी आय गारीला द्यायची. पोरगा झोपला का वाटीभर ओतायची इंजनात. त्याला आईल ओतताना बघलेलं तिनं. बोलायची, मचवा उपाशी र्‍हावाला नको. कुनाला सांगू नको बोल्लेली मना, पोरगा हसंल."

मी तिथंच उकिडवा बसलो. काळुरामची आन डोक्यात आली, बोनेटवरचा हात, भाव असो नायतर सोयरा असो. आई म्हणायचं राहिलेलं, पण त्यानं आन सोडली नसती. आईच्या हातचं पाणी सोडलं असतं त्यानं.

"मिस्त्रीला माहीत होतं?" मी विचारलं.

"तोच तर आलेला. त्या दिशी, दुपारचा, लॉरीतून. हे घरी नव्हते. आय अंगनात बसलेली. मना वाटला आता बोंबलंल, गावभर करंल. त्याचं तोंड कसं ते तुला ठाऊक हाय." सगुणानं राख घेतली आणि तांब्या घासायला लागली. "पन तो पायरीवर बसला नि पयला पानी मांगला. आयचे हातचा. अख्खा तांब्या पेला, तोंड पुसलं, मंग बोल्ला, आये, हिचा पोट मचव्यासारखा नाय, हिला तेल देऊ नको."